फोटोतला झाकलेला हात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, अविवाहित, धंदा फोटोंना फ्रेमा करून देणे, हे मृत्युपत्र दुकानामागच्या खोलीत बसून, कोणाच्याही धाकाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते. ‘धाकाशिवाय’ हा शब्द वकीलबाईंनी घालायला लावला. माणसाचा धाक नाही, एवढेच खरे. बाकी भीती मला उठल्यापासून निजेपर्यंत असते. फोन वाजला तरी दचकते, मग तो चुकीचा नंबर का असेना.

माझे मन ठिकाणावर आहे. मी चिंतेच्या आणि उदासीच्या गोळ्या घेते, हे लपवत नाही. लपवले तर माझा थोरला भाऊ (यापुढे ‘दादा’) उद्या तीच पाकिटे कोर्टात नेऊन “हिचं डोकं फिरलं होतं” म्हणेल, अशी मला धास्ती आहे. मनाच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला मरायचे नाही, हेही इथेच नोंदवते. मरणाला मी फार भिते. अंग थंड पडल्यावर दुखणे कुठे जाते हे कोणी सांगत नाही, आणि ते माझ्याबरोबरच आले तर?

कलम १. दुखणे. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, आत कोणी ओले कापड पिळत असल्यासारखे, गेली वीसेक वर्षे. सगळ्या तपासण्या झाल्या. दर वेळी रिपोर्ट चांगला आला आणि दर वेळी दादा म्हणाला, “बघ, काही नाहीये तुला. मनाचे खेळ सगळे.” घरचे सुटल्यासारखे हसायचे आणि मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. स्वतःचा रिपोर्ट वाईट निघावा असे वाटणारी बाई पाहायची असेल तर ती मी. नंतर नंतर असे दिवस येऊ लागले की केस विंचरायचाही डोंगर वाटे. त्यालाही नाव आळसाचेच मिळाले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे लोक म्हणतात; पण त्या वंशाला जायला कोणी तयार होत नाही. रिपोर्टांची फाइल रद्दीत घालावी.

कलम २. हे दुकान, मागच्या दोन खोल्या, काच कापायची हिऱ्याची कलम, करवती व कोपरे जुळवायचा शिकंजा हे सर्व माझ्या भाचीला मिळावे. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून ती माझ्याजवळ आहे. आता तिशीची झाली, दुकान तीच चालवते. कोपरा असा जुळवते की नखही आत जाणार नाही. जागा माझ्या कमाईची आहे. दादाचा या जागेवर डोळा आहे, तो त्याने काढून घ्यावा.

कारण लिहिते. मोठी काच उचलताना भाची अलीकडे उजवा हात पुढे करते आणि डावा खांदा चोरते. पलीकडच्या खोलीत कूस बदलताना श्वास रोखून धरते. मी विचारले तर म्हणाली, “काही नाही गं मावशी, जरा अवघडलाय.” हे वाक्य माझे आहे. मी ते वापरून वापरून झिजवले आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली. माझे दुखणे तिच्यात उतरले असेल का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. माझ्यामागे तिला कोण खरे मानणार? एखाद्या सकाळी तिला उठता आले नाही, तर शटर बंद ठेवून पडून राहायला तिचे स्वतःचे छप्पर असावे, आणि “नाटकं पुरे” म्हणायला त्या छपराखाली कोणाला हक्क नसावा. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम ३. फोटो. गेलेल्या माणसाचा फोटो फ्रेम करायला आणताना लोक हसराच आणतात. माझाही एक आहे, दादाच्या मुलाच्या लग्नातला. तो दादाच्या बैठकीत टांगलेला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून तो म्हणतो, “ही बघा, ठणठणीत!” त्या फोटोत माझा डावा हात खुर्चीची पाठ धरून आहे. फ्रेम करताना फोटोभोवतीचा पुठ्ठा मीच असा कापला की हात झाकला जावा. तो पुठ्ठा काढल्याशिवाय माझा फोटो कुठेही लावू नये.

कलम ४. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. दादाला मी काहीच ठेवलेले नाही, म्हणून मनाच्या डॉक्टरांबरोबर तो दुसरा साक्षीदार. जो मला वेडी ठरवणार, त्यानेच मी शहाणी असल्याची सही करावी. वकीलबाई खूप हसल्या. मला हसू आले नाही.

पुरवणी, सह्यांच्या आधी. दादा आला आहे. निरोप दिला होता तसा फोटो काखेत घालून आला. वरचे सगळे वाचून त्याचा चेहरा लाल झाला.

“मला एक खिळासुद्धा नाही?”

“खिळा दिला तर तू साक्षीदार राहत नाहीस.”

भाचीने फ्रेम उलटी केली, मागचे खिळे उपटले, पुठ्ठा बाजूला केला. माझा हात दिसला. बोटांची पेरे पांढरी पडलेली. दादा बराच वेळ बघत राहिला.

“तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तू म्हणालास, आजच्या दिवस हस.”

भाची काच उचलायला वाकली आणि अर्ध्यात थांबली. डाव्या हाताने तिने टेबलाची कड धरली.

“काय झालं गं?” दादाने विचारले.

“कुठे काय, मामा,” म्हणून ती हसली. फोटोतले हसू आणि ते हसू एकच होते.

“बरं,” म्हणून दादाने खिशातून पेन काढले.

ते पेन मी काढून घेतले. सहीआधी हे शेवटचे कलम घालते.

कलम ५. माझी भाची हसून “काही नाही” म्हणाली, तर जवळ असेल त्याने तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघावे आणि पुन्हा विचारावे. दादा, हे माझ्यामागे करायचे नाही. आत्ता कर, मग सही कर.

स्थळ: दुकानामागची खोली. तारीख डॉक्टरांच्या शिक्क्यात आहे.

लिहून ठेवणारी: (सही. अक्षर हलले आहे, माझेच आहे.)

साक्षीदार पहिले: मनाचे डॉक्टर. (सही व शिक्का)

साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणारीचा थोरला भाऊ. बहीण पूर्ण शुद्धीत आहे. भाचीला पुन्हा विचारलं. पुन्हा हसली. हात बघितला. अजून विचारतो आहे. (सही)