परत न येणारे पैसे

कार्डिफ,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय कमलाकर,

'सप्रेम नमस्कार' लिहिणार होतो, पण हाउन्सलोच्या त्या एका खोलीत आपण दोघं राहायचो तेव्हापासून मी तुला कधी नमस्कार केल्याचं आठवत नाही. तेव्हा ते राहू दे. आम्ही इकडे ठीक. सुनेत्राचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि उन्हाळ्यात गप्प असतो. माझ्या टोमॅटोंना यंदा बरे दिवस आलेत. तनिषा अजून आमच्याकडेच राहते, पगार लेकीचा आणि फ्रीज आईबापाचा असं चाललंय. तुझी आणि नीनाची तब्येत बरी आहे असं धरून चालतो. वर्ष होत आलं, तुझा फोन नाही.

पत्राचं कारण व्यवहाराचं आहे. ग्रुपवर तुझा मेसेज वाचला, की यंदा गणपतीच्या मूर्तींचे पैसे फक्त बिटकॉइनमध्ये घेणार, कार्ड बंद. खाली जोडलेले हात. गॅरेजमधून पेणच्या शाडूच्या मूर्ती विकणारा आणि बिटकॉइन मागणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात तू एकटाच असशील. आधी वाटलं, तुझ्या पुतण्याने, जयने, काहीतरी डोक्यात भरवलं असेल. मग लक्षात आलं, मेसेज गेला असेल सगळ्यांना, पण रोख आमच्या घरावर आहे. लेकी बोले सुने लागे.

तर एकदाचं बोलून टाकू.

गेल्या वर्षी तुझी मूर्ती आली ती कुरिअरने. पैसे तनिषाने तिच्या क्रेडिट कार्डावर भरले होते. खोका उघडला तर आशीर्वादाचा हात मनगटापासून तुटलेला. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. खंडित मूर्ती घरात ठेवू नये, लगेच विसर्जन करावं, अशी चिठ्ठी तूच प्रत्येक खोक्यात घालतोस. मी बागेत बादली भरली, अक्षता टाकल्या, विसर्जन केलं. सकाळी पाटावर तांदूळ पसरून सुपारीचा गणपती मांडला. तोही काही वाईट दिसत नव्हता. माझ्या दृष्टीने विषय संपला.

तनिषाच्या दृष्टीने तिथून सुरू झाला. तिने मला न विचारता बँकेकडे तक्रार केली. मला कळलं तेव्हा म्हणाली, "बाबा, तो मूर्ती तुटला होता. मग कार्ड कशाला असतो?" नियमाने बघितलं तर पोरीचं काही चुकलं नाही. इथे शंभर पौंडांच्या वरची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली, की दुकानदाराइतकीच कार्डवाल्यांचीही जबाबदारी असते. बँकेने फोटो मागितला. आता तुटलेल्या देवाचा फोटो कोण काढतं? मग म्हणाले, वस्तू परत पाठवा. तिने कळवलं, धार्मिक कारणास्तव वस्तू बादलीत विरघळवली आहे. ते वाचून तिथल्या माणसाने काय तोंड केलं असेल, या विचाराने मला अजून हसू येतं.

त्यांनी तुझी बाजू मागवली. माल परत आला नाही, पुरावा नाही, एवढी एक ओळ लिहिली असतीस तर तू जिंकत होतास. तू लिहिलीच नाहीस. मुदत संपली, पैसे तुझ्या खात्यातून गेले आणि वर कार्ड मशिनवाल्यांनी फी कापली. नीनाने सुनेत्राला सांगितलं, तू म्हणालास, "शशीने मध्ये बँक घातली, आता मी काय बोलणार?"

खोटं कशाला बोलू, मला ते लागलं. पण तुझी बाजूही मला कळते. रेडिंगच्या कुणीतरी तुझ्याकडून मूर्ती नेली, दहा दिवस आरत्या केल्या, वाजतगाजत विसर्जन केलं आणि नंतर बँकेला कळवलं की पार्सल मिळालंच नाही. हेही नीनाकडूनच कळलं. असल्या लोकांपुढे विकणाऱ्याने काय करावं? बिटकॉइन एकदा तुझ्याकडे आलं की ते कुठल्याही बँकेला ओढून नेता येत नाही. घेणाऱ्याला कार्डाचं छत्र, विकणाऱ्याला बिटकॉइनचं. एकाच छत्रीत दोघं मावत नाहीत.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

इतकी वर्षं आमची मूर्ती तू स्वतः आणायचास. लंडनला पॅडिंग्टनहून गाडीत बसायचास तो खोका मांडीवर घेऊन, वरच्या रॅकवर ठेवायचं नाव नाही. दारात सुनेत्रा तुझ्या पायांवर दूधपाणी घालायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि सॉक्स भिजले म्हणून तू दरवर्षी तीच कटकट करायचास. मग माझेच सॉक्स घालून जायचास. ते कधी परत आले नाहीत, त्याची तक्रार मी कुठे केली नाही.

गेल्या वर्षी ती तशीच तांब्या घेऊन दारात आली. कुरिअरवाला खोका कचऱ्याच्या बिन्सच्या शेजारी ठेवून पसार झाला होता. तिने भाकरतुकडा खोक्यावरून ओवाळला आणि आत गेली. ऑर्डरी वाढल्या, यंदा जमत नाही, असं तू मेसेजमध्ये कळवलं होतंस. धंदा वाढला याचा आनंदच आहे. पण कमलाकर, मला राग तुटलेल्या हाताचा आला नव्हता. तू आला नाहीस याचा आला होता. अजून आहे. म्हणून फोन करून 'बँक मी घातली नाही' एवढंसुद्धा तुला सांगितलं नाही.

असो. यंदाचं सांगतो. मी बिटकॉइनचं अ‍ॅप घेतलं. पासपोर्ट दाखवला, मान डावीकडे वळव, उजवीकडे वळव, सगळं केलं. तरी लगेच पैसे भरू देत नाहीत. एक अख्खा दिवस थांबवतात, माणूस शुद्धीवर येतो का बघायला. तनिषाने शेवटपर्यंत विरोध केला. तिचं म्हणणं, कार्डावर आपल्या बाजूने कुणीतरी असतं, इथे कुणीच नाही. बरोबर आहे तिचं. यंदा मूर्ती आली नाही, चुरा होऊन आली किंवा तू पैसे घेऊन गप्प बसलास, तरी मला काही करता येणार नाही. हे सगळं समजून मी काल संध्याकाळी तुझ्या त्या लांबलचक बिटकॉइन पत्त्यावर पैसे पाठवले. मिळाले असतील.

पाठवण्याआधी अ‍ॅप परीक्षा घेतं. धोका कळतो का, ते तपासायला. एक प्रश्न असा होता: व्यवहारात काही बिघडलं तर तुमचे पैसे परत कोण देईल? खाली चार उत्तरं, त्यातलं एक निवडायचं. बँक, सरकार, विकणारा, कोणीही नाही. मी फार विचार न करता 'विकणारा' वर बोट ठेवलं. तांबड्या अक्षरांत आलं, चूक. तनिषा माझ्या मागे उभी होती, ती हसली. मी पुन्हा परीक्षा दिली, 'कोणीही नाही' निवडलं आणि पास झालो.

पण मला अजून माझं पहिलंच उत्तर बरोबर वाटतं. चूक असेल तर तसं तूच सांग, अ‍ॅपचं मी ऐकणार नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारपासून मी कार्डिफ स्टेशनवर बसेन. गाडी कुठली ते कळवू नकोस, पॅडिंग्टनची येईल ती प्रत्येक बघेन. सुनेत्राने सॉक्सचा नवा जोड आणून ठेवलाय.

बिनछत्रीचा,
शशी