हिरव्या टाकीचं पाणी नितळ झालं

९ मार्च, सकाळ
ताजी बातमी: हिरव्या टाकीचं पाणी काचेसारखं नितळ झालं. बायकोने, सुनंदाने, तळ दिसतो म्हणून खात्री दिली. माझी स्वच्छता फळाला आली! शनिवारी जिताडा माशाची पिल्लं येतील. बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सोडली ती यासाठीच.

दुपार
पिल्लं देणाऱ्या हॅचरीच्या आम्रपाली मॅडमना फोटो पाठवला. लगेच फोन. अभिनंदन नाही. म्हणाल्या, हिरवा रंग म्हणजेच शेवाळ. ते खाऊन दुसऱ्या टाकीतले रोटीफर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, जगतात आणि रोटीफर खाऊन पिल्लं. त्यांनी विचारलं, दोन्ही टाक्यांत पाणी काढायला एकच मग वापरता का? मी म्हटलं, धुतो की रोज. त्या म्हणाल्या, धुतलेल्या मगाला चिकटून रोटीफर हिरव्या टाकीत गेले आणि सगळं शेवाळ फस्त केलं.
रेंज नीट नसावी, भलतंच काहीतरी ऐकू आलं.

१० मार्च
संकल्प: दोन टाक्या, दोन मग. बाटलीतलं राखीव शेवाळ हिरव्या टाकीत ओतलं. दोन्ही टाक्या एकाच हाताने ढवळल्या. हाताबद्दल मॅडम काही बोलल्या नव्हत्या.

११ मार्च
राखीवही नितळ. रोटीफर उपाशी. मॅडम म्हणाल्या, तात्पुरतं चिमूटभर यीस्ट द्या. पाहुणे यायचेत, चिमूट कसली? मूठभर दिलं.

१२ मार्च
फेस. वास. शेजारच्या भिकाजीने दगडी गडग्यावरून विचारलं की राजाराम, ताडीचा धंदा कधी काढलास? वर म्हणाला, मिरकरवाड्याच्या बंदरात मासे आल्यावर सडतात, तुझ्याकडे येण्याआधीच! संशोधकाला हे सोसावं लागतं.
सूक्ष्मदर्शकात रोटीफर अगदी शांत. विश्रांती घेत असावेत.
सुनंदा म्हणाली, अहो, मेलेत ते.

१३ मार्च
मॅडमना सुचवलं की पिल्लं आठवडाभर पुढे ढकलू. म्हणाल्या, रविवारी पिल्लांची तोंडं उघडतील, तेव्हा समोर खाणं नसेल तर सगळी मरतील. तोंडं काय तुमच्या सोयीने उघडणार आहेत?
मी विचार करतोय तोवर सुनंदाने परस्पर त्यांना फोन केला. मला न विचारता! तिनेच टाक्या घासल्या, वाळवल्या. मॅडम पिल्लांसोबत रोटीफर आणि शेवाळही आणणार आहेत. त्यांची अट एकच: टाक्या सुनंदाच सांभाळणार.
उद्या सकाळी टेम्पो येईल. वाट दाखवायला कुणीतरी नाक्यावर उभं राहायला हवं. सुनंदा म्हणाली, ते तुम्ही करा.
रस्ता मला चांगला माहीत आहे.