बाहेर बसले की

अम्मा, तू गेलीस ते वय मी कधीच मागे टाकलं, तरी आजही भाजी चिरता चिरता मध्येच तुझ्यावर चिडते. पोटची पोर डॉक्टरकी शिकत होती गे, शेवटच्या वर्षाला होती! परीक्षेच्या धबडग्यातून एखादा रविवार काढून मी मैलापूरला घरी यायची, तुझ्या हातचं रसम पीत तुझ्याच समोर बसायची, आणि तू मला काय सांगायचीस? कंबर दुखते. थकायला होतं. वाळत चाललीस म्हटलं की, "मद्रासचा उन्हाळा, दुसरं काय." हात टेकले मी तुझ्यापुढे.

शेवटी मीच तुला आमच्या इस्पितळात ओढत नेलं. आमच्या डॉक्टरीणबाई तमिळ, कडक. आम्हा विद्यार्थिनींना त्या नेहमी बजावायच्या, रोगाचं विचारून झालं की घराचं विचारा. तू त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आहेस, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून, आणि मी शेजारी उभी. तमिळ तुला माझ्याहून सफाईदार येतं, पण आज लाजून तू मराठीच बोलतेस, तेही माझ्याकडे बघून, आणि मी ते बाईंना तमिळमध्ये सांगते. पाळी जाऊन किती झालं? "झाली चार-पाच वर्षं." त्यानंतर कधी रक्त गेलं? "नाही, नाही." सगळ्याला तुझं नाहीच. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सहज गप्पा माराव्यात तसं विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं?

तू त्या दिवशी पहिल्यांदा हसलीस. "मीच. आणि मी बाहेर बसले की हे करतात. मीठ जास्त टाकतात, पण करतात बिचारे."

बाहेर बसले की! पाळी जाऊन इतकी वर्षं झालेली बाई कशाला बाहेर बसेल? बाई विचारताहेत, काय म्हणाली, काय म्हणाली, आणि मला तमिळ सुचत नाही. तुझ्या लेखी ते रक्त जाणं नव्हतंच. रक्त जातं ते जखमेतून. हे आपलं बायकांचं, विटाळाचं. तीन दिवस बाजूला बसायचं, चौथ्या दिवशी न्हायचं, की झालं. तू खोटं बोलली नव्हतीस, हे मला कळत होतं. बाईंनी तुला तपासलं, हात धुतले आणि मला इंग्रजीत म्हणाल्या की फार उशीर झाला आहे. तुला समजू नये म्हणून इंग्रजीत. तू माझा चेहरा बघूनच समजलीस.

ट्रामगाड्या तोवर बंद झाल्या होत्या, म्हणून आपण सायकलरिक्षा केली. रिक्षात मी तोंड सोडलं. गेलेलं परत सुरू झालं, हे मला का नाही सांगितलंस? अप्पांना काय, बायकांचं असतं काहीतरी असं वाटलं असेल, पण मला?

"बरं वाटायचं गे बसायला," म्हणालीस. "पाळी गेल्यापासून चुलीपासून एक दिवस सुटका नव्हती. परत आली तर म्हटलं, देवानंच दिली. तुला सांगितलं असतं तर औषध देऊन बंद केली असतीस."

घर येईपर्यंत मी तुझा हात धरून रडत बसले, अम्मा, आणि उलट तूच माझी समजूत काढत होतीस.

तू गेल्यावर अप्पा कितीतरी वर्षं एकच विचारत राहिले, तिनं तुलाही कसं सांगितलं नाही? लाजली असेल, मी म्हणायचे. ते मान हलवायचे आणि स्वतः रांधलेला भात कालवायला लागायचे. रिक्षातलं तुझं बोलणं मी त्यांच्या कानावर कधी जाऊ दिलं नाही. आता तेही तुझ्याकडे आले आहेत. म्हणून हे पत्र मी माझ्यापाशीच ठेवते. तुला वाचता येत नाही, आणि तुझी पत्रं नेहमी अप्पाच तुला वाचून दाखवतात.