स्वयंपाकघराला मागून दार

१८ नोव्हेंबर १९९६, कुरखेडा

सामान उतरलं. अयूबचं शिलाई मशीन शाबूत, माझा आरसा शाबूत. फैज रस्ताभर ट्रकच्या केबिनमध्ये हॉर्नवर हात मारत आला. आता ओसरीवर रांगतो आहे. चंद्रपूरच्या खोलीत त्याला रांगायला जागा नव्हती.

घर आमचं स्वतःचं. हे वाक्य लिहून पाहिलं, बरं वाटलं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर. ओसरी, मोठी खोली, स्वयंपाकघर, एकामागे एक. मागे विहीर. रोशन नावाच्या माणसाकडून घेतलं. त्याची बायको गेल्या पावसाळ्यात वारली. तान्ह्या मुलीला घेऊन तो वडशाला सासऱ्याकडे राहायला गेला.

शेजारच्या गुणाबाई पाणी घेऊन आल्या. फैजला पाहून म्हणाल्या, "कसा लोण्याचा गोळा आहे वो बाई!" आणि लगेच स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटाने त्याच्या कानामागे लावलं.

२१ नोव्हेंबर

स्वयंपाकघर अंधारं आहे. मागच्या भिंतीला खिडकी नाही, दार नाही. विहिरीवर जायला सगळ्या घराला वळसा. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत घर सुधारण्याचं सदर येतं, त्याची कात्रणं मी जपली आहेत. हवा एकीकडून आली तर दुसरीकडून जायला वाट हवी, नाहीतर धूर घरातच राहतो. मातीच्या भिंतीत दार पाडायचं तर कोपरा सोडून. आधी वरची तुळई बसवावी, मग खालचं फोडावं.

मी खडूने भिंतीवर दार काढलं. अयूबने त्याला कडी काढली, ती उघडल्यासारखं केलं आणि भिंतीवर डोकं आपटून घेतलं. फैज खूप हसला.

२५ नोव्हेंबर

गवंडी वारलूभाऊ आले. नदीपलीकडच्या गावचे आहेत. त्यांनी भिंत ठोकून पाहिली. खडूच्या थोडं डावीकडे आवाज पोकळ आला. "भाभी, इथी पहिलेच भोक होतं. कोनी तरी बुजवलं. आपलं काम हलकं झालं." मी दार तिकडे सरकवलं.

भराव सहज निघाला. कच्च्या विटा, माती, मध्ये बाभळीचे काटे दाबून बसवलेले. तळाशी राई, दोन ओंजळी भरतील एवढी. काटे उंदरांसाठी असतील, असं वारलूभाऊ म्हणाले. राईचं काय, ते त्यांना सांगता आलं नाही. दार म्हणावं तर उंची कमरेएवढी आणि चौकटीची खाच कुठेच नाही. आम्ही ते वर वाढवून घेतलं. काटे चुलीत घातले. राई कोंबड्यांनी टिपली.

उंबरा नको म्हणून सांगितलं. फैज अडखळेल.

२ डिसेंबर

दार लागलं. उजेड चुलीपर्यंत येतो. धूर सरळ बाहेर जातो. सदरात लिहिलं होतं तसंच.

अयूब वडशाला गेला. तिथल्या नाटक कंपन्यांचे कपडे शिवायचे आहेत. राजाचं पोट सुटलं, अंगरखा उसवायला बोलावलं आहे, असं म्हणाला. दोन आठवडे तिकडेच.

४ डिसेंबर

गुणाबाई नव्या धानाचे पोहे घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आल्या. दार दिसलं तशा थांबल्या. पोहे तिथेच खाली ठेवले.

"काऊन फोडली वो ती भिंत? मले इचाराचं तरी."

मग ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. रोशनची बायको रंजीता बाळंतपणात गेली. मूल वाचलं. अशी गेलेली बाई पुढच्या दाराने नेत नाहीत. भिंत फोडून तिथून काढतात आणि लोक मसणातून परतायच्या आत भिंत बुजवतात. "मेलेल्याले जुने रस्ते आठोत नाई. जिथून नेलं तेवढंच ठाव राह्यते. येते, भिंत पाहते, वापस जाते. काटे, राई तिलेच अडवाले. पोरीसाठी जीव अडकला तिचा."

मी म्हटलं, मुलगी तर वडशाला आहे. गुणाबाई म्हणाल्या, "तिले कोन सांगन?"

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो ओसरीवरच प्याला.

७ डिसेंबर

माझा विश्वास नाही. तरी चौकातून अयूबला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, तुला त्रास होत असेल तर बुजवू. वारलूभाऊंकडे निरोप पाठवला. धानाची मळणी चालू आहे, आत्ता कोणी हाताला लागत नाही.

फैज दुपारी दूध मागत नाही. रांगत स्वयंपाकघरात जातो, बऱ्याच वेळाने येतो. पोट भरल्यासारखा झोपतो.

१० डिसेंबर

आज त्याच्या ओठांच्या कडेला दूध होतं. मी पाजलेलं नाही. घरात दुसरं दूध नाही. बोटाने पुसलं. थंड होतं.

माझी छाती भरून दुखते. वाटीत पिळून टाकते.

११ डिसेंबर

दवाखान्यात नेलं. वजन उतरलं आहे. डॉक्टर म्हणाले, पाजत नाही का? मी म्हटलं, त्याचं पोट भरलेलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढच्या बाईला हाक मारली.

मला रडू येत नाही. येईल असं वाटत होतं.

१३ डिसेंबर

दाराला कडी लावली. फैज दाराशी बसला. दोन्ही हातांनी दार थोपटत राहिला. रडला. माझं दूध तोंडात घेतलं, सोडलं. रडून ओठ निळे झाले —

कडी काढली. मीच काढली.

तो लगेच गप्प झाला. मी आत पाहिलं नाही. पिण्याचा आवाज येत होता.

१५ डिसेंबर

हात काटक्यांसारखे झाले आहेत. तरी हसतो. माझ्याकडे पाहून नाही.

छाती आता दुखत नाही. वाटी कोरडी.

१७ डिसेंबर

अयूब आला. फैजला पाहिलं. बाहेर गेला, वारलूभाऊंना मळणीवरून घेऊन आला. दोघांनी भिंत बांधली. काटे घातले, बाजारातून राई आणून घातली. मी चिखल कालवला. फैज मोठ्या खोलीत एकटा होता. त्याने अजिबात त्रास दिला नाही.

शेवटची वीट बसली. गुणाबाई ओसरीवरून विचारत होत्या — ती बाहेर गेली, मगच बांधली ना?

कोणाला कळणार? अयूब म्हणाला.

"पोरगा काय करून राह्यला होता?" त्यांनी विचारलं. "रडत होता का गप्प?"

गप्प होता, मी म्हटलं.

गुणाबाई उठून गेल्या.

१८ डिसेंबर

अयूब वडशाला गेला. फैजला गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, जीप आणतो म्हणाला. दुपार आहे. स्वयंपाकघर पुन्हा अंधारं.

गुणाबाई दारातून ओरडून गेल्या — भिंत फोड, तिले जाऊ दे. कुदळ ओसरीवर आहे. उठायचं तर फैजला खाली ठेवावं लागेल. ठेवणार नाही.

मोठ्या खोलीत बसले आहे. तो माझ्या मांडीवर. डावा हात त्याच्याभोवती, उजव्याने लिहिते.

तो माझ्या खांद्यावरून मागे पाहतो. हात पसरतो. मी वळत नाही —

मांडी हलकी होते आहे. ओढत नाही कोणी. झोपलेलं मूल आईच्या मांडीवरून घरातली बाई उचलते ना, जाग येऊ नये म्हणून, तसं हळू —

दोन्ही हातांनी धरायला हवं, पेन ठेव