पिवळा टेकू

४ नोव्हें.
काल दादाचं वर्षश्राद्ध झालं. आज सकाळी चुलीपाशी च्या पिताना वैनी म्हनल्या, "भावजी, लोडर उघडा. वरीस झालं. आता दुरुस्त करा, म्या चालवीन." चालवतील बी. दादानंच शिकवलाय त्यांना. म्या म्हनलं, भात झोडून होऊ द्या. "भाताचं बायका बघत्यात. तुमी लोडरचं बघा." झालं, विषय संपला.
ताडपत्री काढली. सीट उंदरांनी कुरतडलीय. सीटखाली दादाचा टॉवेल, घडी घातलेला. पाना हातात घिऊन नुसता उभा राहिलो. काम शून्य.

५ नोव्हें.
चिंचंला चेनब्लॉक अडकवून लोडरची बादली उचलनारे आर्म वर घेतले. खाली लोखंडी टेकू लावला. लाथ मारून बघितलं, तीनदा. हलत न्हाई. तरी आत वाकवंना.
रस्त्यानं तुकाअण्णा चालले हुते. थांबले. "आता कसा लोखंडी लावलास. दत्तूनं बी तवा ह्योच लावला असता तर आज असता. टेकू भितीला उभा आन् ह्यानं लाकडाचा ओंडका लावला. त्यो सटकला आन् आर्म अंगावर आले. घाई नडली गड्याला."
वैनी अंगनात भांडी घासत हुत्या. मान वर केली न्हाई.  वरीसभर सगळं विंझर गाव हेच म्हनतंय, आन् म्या ऐकून घेतोय.

६ नोव्हें.
कॅबिन मागं कलती केली. आत इंजनापासून पंपापर्यंत हातभर शाफ्ट, दोन टोकांना सांध्याचे दोन क्रॉस. ते झिजले म्हनून गाडी खडखडत हुती, तेच बदलायला दादा आत शिरला हुता. एका टोकाचा नवा क्रॉस त्यानं बसवलाय. वाट्या अडकवनाऱ्या लॉकसकट, चोख. दुसऱ्याच्या बेरिंगच्या चार वाट्यांपैकी तीन बसवल्यात. चौथी...
चौथी खाली तेलाच्या चिखलात सापडली. पुसून कागदावर ठिवली.
शाफ्टावर चुन्याची रेघ हाय. दादाची सवय. सोडायच्या आधी तंबाखूच्या डबीतला चुना अंगठ्यानं लावायचा, शाफ्टाला एक रेघ, पंपाच्या बाजूला एक. जोडताना रेघंला रेघ भिडली पायजे, न्हाईतर गाडी थरथरती. त्या चुन्यात त्याच्या अंगठ्याच्या रेषा अजून दिसत्यात. कापूस फिरवताना तेवढी जागा सोडून फिरवला.

७ नोव्हें.
लिवतो एकदाचं. हितं तरी.
त्या दिवशी पहाटं गोठ्याचं आढं खचलं. खाली गाय बांधलेली. लोडरचा टेकू बरोबर मापाचा हुता, म्हनून म्या उचलून आढ्याला लावला. दादाला इचारलं न्हाई. त्याच्या सामानाला हात लावलेला त्याला खपत नसं. मंग क्रॉसची लॉकं आनायला सारोळ्याला गेलो. दुकानात उभा असताना त्याचा फोन, "सुद्या, टेकू दिसंना रं." माज्या फोनचा आवाज मोठा, दुकानात चार मानसं. आता हा चारचौघांत शिव्या घालनार म्हनून म्हनलं, "असंल तिथंच. नीट बघ की."
गोठ्यात हाय. एवढंच म्हनायचं हुतं.
परत आलो तवा अंगन मानसांनी भरलेलं. दादाला गाडीत घालत हुते. समदे तिकडं बघत हुते. म्या गोठ्यात गेलो, आढ्याला बांबू लावला, टेकू आनून भितीला उभा केला. कुनी बघितलं न्हाई. टेकू शेजारी असून दत्तूनं ओंडका लावला, हे तवापासनंचं. त्याची घाई म्याच तयार केली. शरम वाटती, दुसरं काय.

८ नोव्हें.
दुपारी जेवताना अंगनातनं आवाज. टक टक, थांबून एक जोरात. दादा वाटी ठोकताना असाच ठोकायचा, दोन हलके आन् एक भारी. भाकरी तशीच ठिवून भायेर गेलो. लोडरपाशी कुनी न्हाई. टेकू जागेवर.
वैनीला म्हनलं, काय ऐकलं का?
"म्या तर वरीस झालं ऐकतीया," म्हनल्या आन् माज्या ताटात कालवन वाढलं.

१० नोव्हें.
त्या दिवशी आनलेली लॉकं गंजलेली निघाली, म्हनून परत सारोळे. तेच दुकान, त्याच जागी उभा. फोन वाजला. वर नाव: दादा.
 त्याचा फोन वैनी वापरत्यात, ठावं हाय. नाव बदलायला जमलं न्हाई मला.
"भावजी, गोठ्यात जळमटं काढतीया. आढ्याला पिवळा रंग घासलाय. कशाचा वो?"
टेकू पिवळा हाय. दादानं सोता रंगवलेला.
तोंडातनं निघून गेलं, "असंल कशाचा तरी."
 वैनीनं फोन ठिवला. दुकानदार म्हनला, बसा, पानी घ्या. सुटे पैशे घ्यायचे बी राहिले.

११ नोव्हें.
वैनीनं च्या दिला, भाकरी दिली. म्या दिवसभर रानात.

१२ नोव्हें.
सकाळीच आत शिरलो. चौथी वाटी ग्रीस लावून धरली, दोन हलके ठोके दिले. तिसरा द्यायच्या आधी पाय दिसले. वैनी. टेकूवर हात ठिवून उभ्या.
"त्या दिवशी ह्यो कुठं हुता?"
म्हनलं, "सांगतो. भायेर येतो आधी."
"आतनंच सांगा."
सांगितलं. गाय, आढं, फोन, बांबू, समदं. आर्म माज्या पाठीवर वीतभर.  सांगून झाल्यावर बी वैनीचा हात टेकूवरच हुता. मंग पाय गेले.
भायेर आलो. त्या गोठ्यात हुत्या, आढ्याकडं बघत. म्या पाया पडायला वाकलो तर माघारी सरकल्या. म्हनल्या, "मानूस माजा गेला तो गेला. पन वरीसभर लोक त्याला येडा म्हनले आन् तुमी ऐकत बसला. मला बी तेच वाटाया लागलं हुतं त्याच्याबद्दल. शाफ्ट जोडा. गाडी चालू झाली की नारळ फोडू, तुकाअण्णांना, समद्या आळीला बोलवू. तवा त्यांच्यासमोर सांगायचं."
व्हय म्हनलं.

१३ नोव्हें.
चौथी वाटी बसली. लॉक बसलं. दुपारी टक टक आलं न्हाई. कान लावून बसलो हुतो.

१६ नोव्हें.
शाफ्ट जागेवर हाय. रेघंला रेघ भिडलीय, अंगठा तसाच. चार बोल्ट राहिलेत, अर्ध्या तासाचं काम. तीन दिवस झाले राहिलेत.
वैनीनं नारळ आनून लोडरच्या पायरीवर ठिवलाय.  रोज सकाळी टेकू हलवून बघत्यात, घट्ट हाय का, आन् कामाला जात्यात.