रूपरावांनी फिरवलेली वही

वर्धा, ८ जुलै १९५५

तीर्थरूप बंडोपंतमामांच्या चरणी अच्युतचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

देवळीला सर्वांच्या प्रकृती ठीक असतील. मामींचे गुडघे आणि सासरी गेलेली नलू, दोहोंचेही वर्तमान कळवावे. माझे विचाराल तर अन्न घशाखाली उतरत नाही. डबा जसाच्या तसा परत येतो आणि इंदिरा म्हणते, माझ्या भाजीला आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. भाजीचा दोष नाही, मामा. मला कोर्टाचे समन्स आले आहे.

तुम्ही मला ज्या महाविद्यालयात हेडक्लार्क म्हणून चिकटवलेत (आणि ज्याच्या नियामक मंडळावर तुम्ही स्वतः आहात, म्हणून हे तुम्हालाच लिहितो), तिथली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सातही सभासद एका जागी आणणे कोणाच्या बापाला जमायचे नाही. म्हणून अध्यक्ष महादेवराव तोंडी सांगतात, मी सभेचे इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवतो, आणि शिपाई रूपराव सायकलवरून वही घरोघरी नेऊन सह्या आणतात. मे महिन्यात महादेवराव म्हणाले, रूपरावला काढा. (कारण काय, तर अध्यक्षांच्या घरच्या म्हशी पाण्यावर न्यायला ते नाही म्हणाले. वहीत मी 'वर्तन असमाधानकारक' असे लिहिले.) मी १९ मेची सभा लिहिली, चर्चा दीड तास चालवली, तुम्हाला तीत सविस्तर विचार मांडायला लावले, शेवटी सर्वांना चहाही दिला. आणि मग सवयीने वही रूपरावांच्याच हातात दिली.

बिचारे भर उन्हात स्वतःच्या बडतर्फीवर सात सह्या गोळा करत हिंडले. तुमच्या सहीसाठी तर देवळीपर्यंत सायकल मारली, आणि १९ मेला तर तिथे आपल्या नलूचे लग्न. जावयाचे पाय धुता धुता तुम्ही सही केलीत. तुमचे हळदीचे बोट कागदावर स्वच्छ उमटले आहे. मी तिथेच पंक्तीत जिलब्या वाढत होतो (वहीप्रमाणे मात्र वर्ध्यात सभेचे टिपण घेत होतो). रूपरावांनाही आग्रहाने दोन वाढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती पाकीट ठेवले, तर नेहमीप्रमाणे विचारतात, "बाबूजी, हे कोनाले द्याचं?" मी मान खाली घालून म्हटले, तुम्हालाच. ते उभ्या उभ्या वाचून म्हणाले, "दुसऱ्याचे कागद वाचाची मले सवय नाई, म्हनून हे झालं." चौदा वर्षे नोकरी केलेला माणूस. मला फार लाज वाटली, मामा, अजूनही वाटते.

त्यांनी दावा लावला आहे. २० तारखेला ती वही घेऊन मी कोर्टात उभे राहायचे आणि सभा झाली असे शपथेवर सांगायचे. रूपराव म्हणतात, "कोनं कोठी बसून सई केली, थे सांगतो ना मी साहेबाले." महादेवराव म्हणतात, वही उंदरांनी खाल्ली म्हणून सांगा. पण कचेरीत एकही उंदीर उरलेला नाही असा ठराव गेल्याच वर्षी एकमताने झाला आहे (तोही मीच लिहिला). खोटे बोलावे तर तुरुंग, खरे बोलावे तर नोकरी जाणार, आणि त्यात तुमचे नाव निघेल ते वेगळेच.

वडील मंडळींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
अच्युत

ता. क. मामींना यातले काही बोलू नये. हळदीचा डाग कागदावरून लिंबाने जातो की उन्हाने, एवढे मात्र त्यांना सहज विचारून कळवावे.

आणखी ता. क. डागाचे राहू द्या. येत्या मंगळवारची सभा मी आजच लिहून टाकली आहे. रूपरावांना मागील पगारासह कामावर परत घ्यावे, सूचक खुद्द महादेवराव, ठराव एकमताने मंजूर. सह्या झाल्या की दावा काढून घेतो असे रूपरावांनी कबूल केले आहे. महादेवराव मजकूर कधीच वाचत नाहीत, आधी कोणाची सही आहे तेवढे पाहतात. तेव्हा पहिली सही तुमची हवी. पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच. वही घेऊन रूपरावच येत आहेत. या खेपेला त्यांनी ती आधी वाचून घेतली, आणि म्हशींचे एक कलम माझ्याकडून घालून घेतले.