ऑक्सिजन लावलेला बाप

कोल्हापूर,
जानेवारी २००९

प्रिय शांभवी,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. पडल्या पडल्या लिहितोय, पण डोकं शाबूत आहे. छातीत कळ आली तेव्हा पैंजणाचं काम अर्धंच राहिलं, तेवढं झाकून ठेव.

इथं दवाखान्यात मी कॉटवरचं गाठोडं झालोय. उशाशी तुझा नागाप्पा काका, आणि माझा फोन त्याच्या खिशात. आफशीन डॉक्टरबाईंनी बोटाला चिमटा लावून पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, यांच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे, कमी पडला तर लावू, उगाच जास्त दिला तर अपायच. काका पेटला. हार्टचा पेशंट आणि ऑक्सिजन न्हाय? लावा की! बाई गेल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी हुज्जत घालून त्यानं मास्क चढवायला लावलाच.

मग काय, आपल्या गावात, हुपरीभर झालं, प्रभुलिंगला ऑक्सिजन लावला. आपल्याकडं त्याचा अर्थ एकच. एस.टी. भरून माणसं शेवटचं भेटायला आली. शेजारचा गुंडू तर पाय धरून रडला. माझी ऐरण नेलीय, ती काही आणली नाही गाढवानं. बोलायला म्हणून मी मास्क ओढला की काका परत दाबून बसवायचा आणि म्हणायचा, बघा कसा तडफडतोय. जीव गुदमरला माझा, तो त्या मास्कखाली.

त्याच गर्दीत त्यानं तुझं संकेश्वरचं स्थळ पक्कं केलं. बापाच्या डोळ्यांदेखत अक्षता पडू देत म्हणाला. तू दारात होतीस. माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि होकार दिलास. मी नको नको म्हणून मान हलवत होतो, पोरी. सगळे म्हणाले, लेकीत जीव अडकलाय.

आज बाईंनी मास्क काढला आणि काकाला चांगलंच झापलं. तरी तो त्यांच्या मागं लागलाय, अक्षता पडेपर्यंत राहू द्या म्हणून. मी बरा आहे हे त्यानं माझ्या बायकोला, तुझ्या अव्वालाही कळू दिलेलं नाही. म्हणून हे पत्र हुपरीच्याच नजीरा सिस्टरच्या हाती देतोय.

मी मरत नाही, शांभवी. माझ्यासाठी दिलेला होकार मोडून टाक आणि तुझं बी.एड. पुरं कर. उद्या आलीस आणि माझ्या तोंडावर परत मास्क दिसला, तर घाबरू नकोस. डॉक्टरबाईंना बोलव, तो काढायला लाव, आणि मग लग्नाचं मला विचार.

तुझाच,
आप्पा